डहाणूच्या किनाऱ्याचे न्यायमूर्ती

पश्चिम रेल्वेने मुंबईहून उत्तरेकडे निघालेला प्रवासी विरार ओलांडतो तेव्हा शहराची गर्दी मागे पडते. वैतरणेचे विस्तीर्ण पात्र येते, मग सफाळे, केळवे रोड, पालघर. बोईसरला कारखान्यांच्या चिमण्या पुन्हा डोके वर काढतात. त्यानंतर वाणगाव लागते आणि देखावा एकाएकी पालटतो. डाव्या हाताला खाजणे, तिवरांची झुडपे आणि त्यांच्यापलीकडे समुद्राची चाहूल. उजव्या हाताला भातखाचरे व दूरवर सह्याद्रीच्या रांगा. डहाणू रोडपासून घोलवड-बोर्डीपर्यंत चिकूच्या वाड्यांची सलग हिरवाई सोबत करते. दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला गुजरातेतील वापी. या दोन धगधगत्या टोकांच्या मध्ये हा हिरवा पट्टा टिकून राहिला, हा निव्वळ निसर्गाचा चमत्कार नव्हे. त्यामागे स्थानिक माणसांचा प्रदीर्घ लढा आहे आणि त्या लढ्याला बावीस वर्षे न्यायाचे अधिष्ठान देणारी एक व्यक्ती आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर शंकर धर्माधिकारी हे त्या व्यक्तीचे नाव.

महाराष्ट्राला धर्माधिकारी यांची ओळख गांधीवादी विचारवंत, फर्डे वक्ते आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अशी आहे. निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा मोठा भाग त्यांनी एका तालुक्याची हवा, पाणी आणि खाडी यांच्या राखणीत घालवला, ही गोष्ट मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे.

त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १९२७ रोजी रायपूर येथे झाला. वडील शंकर त्रिंबक धर्माधिकारी, म्हणजेच सर्वोदय विचाराचे भाष्यकार आचार्य दादा धर्माधिकारी. दादा संविधान सभेचेही सदस्य होते. आई दमयंतीबाई याही स्वातंत्र्यलढ्यात सहभागी होत्या. जमनालाल बजाज यांच्यामुळे वर्धा हे तेव्हा राष्ट्रीय चळवळीचे केंद्र बनले होते आणि १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम जवळच्या सेवाग्रामला होता. चंद्रशेखर यांचे बालपण या वातावरणात गेले. देशातील थोर माणसे येथे जमिनीवर बसून जेवतात, स्वतःचे ताट स्वतः घासतात आणि सत्तेपुढे मान झुकवत नाहीत, हे त्या मुलाने फार लहान वयात पाहिले. १९४२ च्या चले जाव आंदोलनात किशोरवयीन चंद्रशेखरही ओढले गेले. पुढे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेऊन नागपुरात वकिली सुरू केली आणि १९७२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून त्यांची नेमणूक झाली.

न्यायासनावर त्यांची खरी कसोटी लागली ती आणीबाणीत. जून १९७५ नंतर हजारो नागरिकांना खटल्याविना तुरुंगात डांबण्यात आले. अशा स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागताच येणार नाही, अशी सरकारची भूमिका होती. देशातील ज्या मोजक्या उच्च न्यायालयांनी ती अमान्य केली, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा समावेश होता आणि त्या निर्णयात न्या. धर्माधिकारी यांचा सहभाग होता. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने या सर्व उच्च न्यायालयांचे निर्णय फिरवले. जगण्याचा हक्क राज्यसत्तेने दिलेला नसतो, म्हणून ती तो काढूनही घेऊ शकत नाही, ही नागपूरच्या खंडपीठाची भूमिका त्या दिवशी हरली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो १९७६ चा निकाल चूक ठरवला. तो दिवस पाहायला धर्माधिकारी हयात होते.

जगण्याच्या हक्काविषयीची हीच जाण पुढे त्यांना डहाणूत उपयोगी पडली. माणसाचा जगण्याचा हक्क शाबूत ठेवायचा तर तो श्वासावाटे घेतो ती हवा आणि पितो ते पाणीही शाबूत राहिले पाहिजे, हा विचार भारतीय न्यायव्यवस्थेत नेमका त्याच दशकांत रुजत होता.

काही काळ प्रभारी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहून नोव्हेंबर १९८९ मध्ये ते निवृत्त झाले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणाऱ्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी दिली होती. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारी बीएसईएस ही कंपनी तो उभारणार होती.

या प्रकल्पाने डहाणूकर का हादरले, हे समजण्यासाठी तेथील भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. तालुक्याच्या पश्चिमेला समुद्र, खाड्या आणि खाजणे, मध्ये बागायती, पूर्वेला जंगल आणि वारली आदिवासींचे पाडे. हे तीन पट्टे पाण्याने एकमेकांशी जोडलेले आहेत. डोंगरावरचे पावसाचे पाणी ओढ्यांवाटे खाडीत येते, सोबत गाळ आणि पालापाचोळा आणते. खाडीतील तिवरे तो गाळ आपल्या मुळांत अडवतात. त्या चिखलात कोळंबी, निवट्या आणि असंख्य माशांची पिल्ले वाढतात आणि मोठी झाल्यावर समुद्रात जातात. पापलेट आणि बोंबील यांच्यासाठी हा किनारा प्रसिद्ध आहे. खाडी भरून टाकली, तर जमिनीचा एक तुकडा तेवढा वापरात येतो. परंतु त्याबरोबर समुद्रातील मासेमारीचे पाळणाघरच बंद होते. किनाऱ्यावरील मांगेला व इतर मच्छीमार समाजांना हे कोणत्याही शास्त्रज्ञाने शिकवावे लागले नव्हते. बागायतदारांची चिंता वेगळी होती. कोळशाच्या धुरातील गंधकाची संयुगे दमट हवेत आम्लाचे रूप घेतात आणि चिकूचा मोहोर नाजूक असतो.

लढा प्रथम मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाची मंजुरी कायम ठेवली, मात्र धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याच्या अटीचाही आग्रह धरला. विरोध करणारे हरले होते. पण त्यांच्या हाती एक अट उरली होती. जून १९९१ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित केला. उद्योगांसाठी संपूर्ण तालुक्यात मिळून ५०० एकरांची कमाल मर्यादा घालण्यात आली आणि तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्याचे ठरले. शेजारचा तलासरी तालुका अर्थातच त्या पट्ट्यात आला. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला तो याच भूमीत. जमिनीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या दोन तालुक्यांना नवा नव्हता. आता त्याला पाण्याची आणि हवेची जोड मिळाली.

अधिसूचना निघाली, परंतु कागदावरच राहण्याची लक्षणे दिसू लागली. पर्यावरणविषयक नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. स्थानिक पातळीवर नर्गिस इराणी यांच्यासारख्या बागायतदार कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होताच. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून, म्हणजे नीरीकडून, पाहणी करवून घेतली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशाने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे निर्देश दिले गेले. उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष आणि जलशास्त्र, सागरविज्ञान, परिसंस्थाशास्त्र, पर्यावरण अभियांत्रिकी, नियोजन या विषयांचे तज्ज्ञ सदस्य, अशी त्याची रचना होती. डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले आणि अध्यक्षपदी न्या. धर्माधिकारी यांची नियुक्ती झाली. त्यांचे वय तेव्हा ६९ वर्षांचे होते.

अशा नेमणुका निवृत्तांच्या सोयीसाठी असतात, असा एक समज आहे. धर्माधिकारी यांनी तो खोटा ठरवला. त्यांनी प्राधिकरणाचे कामकाज खुले ठेवले. मच्छीमार, बागायतदार, आदिवासी कार्यकर्ता यांना तेथे आपले म्हणणे मांडता येई आणि समोर कंपनीचे नामवंत वकील बसलेले असले तरी त्यांच्या शब्दाला मान मिळे. तज्ज्ञांचे अहवाल आणि किनाऱ्यावरच्या माणसाचा अनुभव हे दोन्ही पुरावेच होत, अशी ही दृष्टी होती. सेवाग्रामच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला ती स्वाभाविकच म्हणावी लागेल.

प्राधिकरणापुढे पहिला मोठा प्रश्न आला तो बंदराचा. डहाणूजवळच्या वाढवण येथे विशाल बंदर उभारण्याचा प्रस्ताव पी अँड ओ या कंपनीने राज्य सरकारपुढे ठेवला होता. वाढवणचा किनारा खडकाळ आहे. भरती-ओहोटीच्या खेळात उघड्या पडणाऱ्या या कातळांच्या कपारीत सागरी जीव वाढतात आणि त्यांवर आसपासच्या गावांची मासेमारी अवलंबून असते. प्राधिकरणाने सर्व बाजू ऐकल्या. इतक्या मोठ्या बंदरापाठोपाठ रस्ते, गोदामे, इंधनसाठे, कारखाने आणि लोकवस्ती येणारच; ५०० एकरांची मर्यादा घातलेल्या नाजूक तालुक्यात हे बसू शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. १९ सप्टेंबर १९९८ च्या आदेशाने प्राधिकरणाने बंदरास मनाई केली आणि कंपनीने पाय मागे घेतला. किनाऱ्यावरच्या गावांनी सुटकेचा नि:श्वास सोडला.

दुसरा प्रश्न अधिक चिवट होता. वीज प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला. त्याची २७५ मीटर उंचीची चिमणी कोसांवरून दिसू लागली, पण गंधक काढणाऱ्या यंत्रणेचा पत्ता नव्हता. वापरल्या जाणाऱ्या कोळशात गंधक कमी असते आणि उत्सर्जन मर्यादेत आहे, तेव्हा या खर्चाची गरज नाही, अशी कंपनीची बाजू होती. मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. त्यानंतर पत्रव्यवहार, मुदतवाढी, न्यायालयीन फेऱ्या आणि इंधन बदलण्याचे प्रस्ताव यांत वर्षे गेली. दरम्यान कंपनीची मालकीही बदलली. धर्माधिकारी यांनी विषय सोडला नाही. केवळ आश्वासनांवर विसंबता येणार नाही, असे दिसल्यावर २००५ मध्ये प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी देण्याचे निर्देश दिले. त्यावरही वाद झाला, परंतु चक्रे फिरली. २००७ मध्ये यंत्रणा अखेर कार्यान्वित झाली. सर्वोच्च न्यायालयाने अटीचा आग्रह धरला तो १९९१ मध्ये. तिची पूर्तता होण्यास सोळा वर्षे लागली. भारतातील कोळशावर चालणाऱ्या बहुसंख्य वीज केंद्रांना अशी यंत्रणा बसवण्याचे बंधन केंद्र सरकारने घातले ते २०१५ मध्ये. डहाणू त्याआधी आठ वर्षे तेथे पोहोचले होते.

या यंत्रणेची एक बाजू मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. ती समुद्राच्या पाण्यावर चालते. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असते. धूर त्यातून धुऊन काढला की गंधकाची आम्ले त्यात विरघळतात. ते पाणी तसेच खाडीत सोडले तर हवेचे दुखणे पाण्याला जडेल. म्हणून त्यात आणखी समुद्रजल मिसळून आणि हवा खेळवून त्याची आम्लता घालवावी लागते, मगच ते परत सोडायचे असते. हवा शुद्ध करताना खाडीच्या पाण्याचीही परीक्षा चालूच ठेवावी लागते. एकदा आदेश देऊन पर्यावरणाचा खटला निकाली निघत नाही, त्यावर कायम नजर ठेवणारी संस्था लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

अशी संस्था सर्वांनाच रुचते असे नाही. २००२ च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेच हे प्राधिकरण गुंडाळावे यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. डहाणूतील नागरिकांनी विरोध केला आणि प्राधिकरण टिकले. एका बाजूला मंत्रालयाची नाराजी, दुसऱ्या बाजूला बलाढ्य उद्योग आणि हाताशी तुटपुंजी साधने, अशा स्थितीत अध्यक्षांचे नैतिक वजन हेच प्राधिकरणाचे मोठे भांडवल होते. २००३ मध्ये पद्मभूषण सन्मान लाभलेले धर्माधिकारी प्राधिकरणाच्या या वर्षांत गांधी विचाराच्या संस्था, व्याख्याने, लेखन आणि महिलांवरील अत्याचारांसंबंधीच्या सरकारी समितीचे अध्यक्षपद अशा अनेक आघाड्यांवर कार्यरत होते. पण डहाणूच्या सुनावण्या त्यांनी सोडल्या नाहीत.

या कामाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. उद्योगांवरील निर्बंधांमुळे रोजगार खुंटला, अशी तक्रार डहाणूत सतत होत आली. तालुक्यातील तरुण बोईसर आणि वापीच्या कारखान्यांत जात राहिले. पूर्वेकडील पाड्यांतील आदिवासी कुटुंबे पावसाळा संपताच कामाच्या शोधात स्थलांतर करीत राहिली. सूर्या नदीवर धरणे झाली, पण त्यांचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या दिशेने नेण्याच्या योजना आल्या आणि धरणाजवळच्या पाड्यांना उन्हाळ्यात हंड्याची पायपीट चुकली नाही. प्राधिकरण विनाशकारी गोष्टी रोखू शकत होते. निसर्ग राखून पोट भरण्याचा मार्ग आखून देणे हे शासनाचे काम होते. ते पुरेसे झाले नाही. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, ही त्या दिशेने पडलेल्या थोड्या पावलांपैकी एक. एका बाजूने दार बंद करताना दुसरे उघडले नाही, तर बंद दाराचाच राग येतो.

दरम्यान या कामाचा अर्थ काळाबरोबर विस्तारत गेला. १९९६ मध्ये डहाणूची चर्चा धूर, मासळी आणि चिकू यांभोवती होती. पुढच्या दोन दशकांत हवामान बदलाच्या अभ्यासाने दाखवून दिले, की तिवरांची जंगले आणि त्यांखालचा चिखल कार्बन फार मोठ्या प्रमाणावर, दीर्घकाळ साठवून ठेवतात. वाढत्या समुद्रपातळीपासून आणि वादळी लाटांपासून किनाऱ्याचे रक्षण करतात. खाजणे म्हणजे पडीक जमीन, ही जुनी समजूत त्यामुळे मोडीत निघाली. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटीच्या तोडीवर बंदी घालणारा निकाल दिला आणि तिच्या नाशाचा संबंध थेट नागरिकांच्या मूलभूत हक्कांशी जोडला. ज्या न्यायालयात धर्माधिकारी यांनी सतरा वर्षे काम केले, त्याच न्यायालयाचा हा निकाल त्यांच्या हयातीत आला.

त्यानंतर काही महिन्यांतच, ३ जानेवारी २०१९ रोजी, नागपुरात त्यांचे निधन झाले. ते ९१ वर्षांचे होते आणि अखेरपर्यंत डहाणू प्राधिकरणाचे अध्यक्ष होते.

पुढचा घटनाक्रम वेगाने घडला. वाढवणचे बंदर जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने नव्या रूपात पुढे आले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून वगळले. जुलै २०२३ मध्ये, नव्या अध्यक्षांच्या काळात, त्याच प्राधिकरणाने अटींसह बंदराला परवानगी दिली. जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पावर केंद्राने शिक्कामोर्तब केले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १४४८ हेक्टर भराव घालण्याची योजना आहे. सरकार त्यात लाखो रोजगार पाहते; किनाऱ्यावरची मच्छीमार गावे आपल्या उपजीविकेचा अंत पाहतात आणि त्यांनी विरोध चालू ठेवला आहे.

१९९८ चा निर्णय बरोबर की २०२३ चा, याचे उत्तर कागदांपेक्षा येत्या काळात त्या समुद्राचे पाणी देईल. परंतु एक गोष्ट आताच स्पष्ट आहे. डहाणूची अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. बावीस वर्षे तिला जो अर्थ राहिला, तो कायद्याच्या अक्षरांपेक्षा ती अक्षरे गंभीरपणे घेणाऱ्या माणसामुळे. धर्माधिकारी यांच्या कार्याचे हे मोठेपण आहे आणि त्यातच त्यांच्या पश्चात उभी राहिलेली चिंताही आहे. न्याय एका माणसाच्या खांद्यावर बावीस वर्षे टिकू शकतो. त्यानंतर तो टिकायचा असेल तर समाजाला आणि संस्थांना आपले खांदे द्यावे लागतात.

डहाणूच्या खाडीत आजही ओहोटीला तिवरांची मुळे उघडी पडतात आणि चिखलात निवट्यांची धावपळ सुरू होते. न्यायासनापुढे कैफियत मांडण्याची भाषा त्यांना येत नाही. ती मांडणाऱ्या माणसांना शांतपणे ऐकून घेणारा एक न्यायमूर्ती त्या किनाऱ्याला काही काळ लाभला होता, एवढे तरी डहाणू-तलासरीच्या पुढच्या पिढ्यांना ठाऊक असावे.